किल्लेदारणीचा चेहरा

माणसं मला डोळे मिटलेली पाठ आहेत. रंगभूषेच्या खुर्चीत कुणीही येऊन बसलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "डोळे मिटा." मग तो मुकादम असो की मॅनेजर, कपाळावरची आठी जाते, जबडा सैल पडतो आणि पुढची वीस मिनिटं तो कुणाचाच नसतो. घरचा नसतो, नोकरीतला नसतो, नाटकातलाही अजून झालेला नसतो. त्या मधल्या वीस मिनिटांत मी तीसेक वर्षं काढली. आता हात कापतो, भुवईची रेघ सरळ येत नाही, म्हणून पेटी बंद करून ठेवली आहे. पण दुपारी अंमळ डोळा लागला की ते चेहरे येतात. पावडरीच्या धुरळ्यातून येतात, काही बोलत नाहीत, नुसते हनुवटी वर करून माझ्यासमोर थांबतात. मी झोपेत बोटं हलवते, असं घरचे सांगतात.

पेटी वडिलांची. त्यांना मुलगा नव्हता आणि मला अभ्यासाचं वेड नव्हतं, तेव्हा ती माझ्याकडे येणं ओघानंच आलं. सुरुवातीला फार कटकट झाली. नव्वदच्या सुमाराला नाशिकमध्ये रंगभूषेला बाई आली म्हटलं की लोक आधी माझ्या मागे बघायचे, खरा माणूस कुठे आहे म्हणून. पुरुष नट खुर्चीत बसायचे ते अंग चोरून. एका गृहस्थांनी तर परक्या बाईनं तोंडाला हात लावायला नको म्हणून स्वतःच रंग फासला आणि पहिल्या अंकभर कावीळ झाल्यासारखे वावरले. दुसऱ्या प्रयोगाला ते गुमान खुर्चीत येऊन बसले.

बाहेरच्यांना वाटतं, रंगभूषा म्हणजे माणसाला देखणं करणं. ते लग्नातलं काम. नाटकाचं वेगळं. रंगमंचावरचे दिवे चेहरा पुसून टाकतात; नाक, गाल, हनुवटी सगळं एका पातळीत जातं. आपण ते पुन्हा काढायचं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला भुवई दिसायला हवी असेल तर जवळून ती भुवई भयंकरच दिसणार. वडिलांची खासियत मात्र आणखी निराळी होती. पुरुषाची बाई करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दाढी कितीही घोटून केली तरी दिव्याखाली गालावर निळसर झाक येते. ती मारायला आधी हनुवटीपासून कानापर्यंत लालसर रंगाचा एक हात द्यायचा आणि त्यावर अंगाच्या रंगाचा लेप. जबडा रुंद असतो, तो दोन्ही बाजूंनी गडद छटा देऊन अरुंद करायचा. ओठ आतून बारीक रंगवायचे, डोळे ओढून मोठे करायचे, गळ्याची गाठ ठुशीखाली लपवायची. हे मी बारा-तेरा वर्षांची असताना शिकले, तेव्हा मला स्वतःच्या वेण्या नीट घालता येत नव्हत्या.

मिशीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. वडील हयात असताना मिशी काढायची नाही, हे आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत पाळतात. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फोरमन असलेले देवरे मूळचे नामपूरचे. तरुणपणी त्यांना गावच्या गणपतीत बाईची भूमिका मिळाली आणि त्यांनी हौसेनं मिशी उडवली. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या मार्केटात गेले तर ओळखीचे लोक त्यांना बघून गप्प व्हायला लागले, कुणी पाठीवरून हात फिरवायला लागलं. दुपारच्या एसटीनं शेजारच्या गावचा मामा आला आणि ओट्यावर बसून रडायला लागला. ज्यांच्यासाठी तो रडत होता ते देवरेंचे वडील गोठ्यातून हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "कोन गया रे?" त्यानंतर महिनाभर बापलेकांत बोलणं नव्हतं. देवरेंनी पुन्हा कधी बाईचं काम केलं नाही. ते दिग्दर्शक झाले आणि स्वतः बसवलेल्या प्रत्येक नाटकात मिशीवाले नायक झाले.

मला ज्या नाटकाचं सांगायचं आहे ते याच देवरेंनी कारखान्यातल्या मंडळींना घेऊन स्पर्धेसाठी बसवलं होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाटक मात्र जुनं, गावोगाव फिरणाऱ्या कंपन्यांच्या काळातलं, शोकांत. पुस्तकावर लांबलचक नाव होतं. आम्ही सगळे नुसतं 'किल्लेदारीण' म्हणायचो. गडाला वेढा पडलेला असतो. दरवाजा कुणासाठीही उघडायचा नाही, उघडेल त्याला मृत्यूची शिक्षा, अशी किल्लेदाराची आज्ञा. खालच्या वाडीतल्या बायका पोरांना घेऊन दरवाज्याशी येतात, आणि किल्लेदारीण त्यांना आत घेते. त्यांच्यात शत्रूचा एक माणूस मिसळलेला असतो. गड जायची वेळ येते आणि किल्लेदार स्वतःच्या आज्ञेत अडकतो. शेवटच्या प्रवेशात तो बायकोसमोर विषाचा पेला ठेवतो. ती पेला उचलून त्याच्या पायांवर डोकं ठेवते, तो तिच्या खांद्यावर हात ठेवतो, ती तशीच वाकलेली विष पिते आणि पायाशी मरते. मग किल्लेदार दोन पानं बोलतो आणि पडदा.

खांद्यावरचा तो हात म्हणजे त्या नाटकाचं सगळं वैभव. जुन्या छायाचित्रांत तो हात आहे, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो हात आहे. त्याला क्षमेचा हात म्हणायचे. कुठलीही हौशी मंडळी नाटक करोत, तो हात तसाच पडायचा आणि तिथे हमखास टाळी यायची.

हे सगळं परंपरेप्रमाणे व्हावं म्हणून देवरेंनी नानांना आणलं. नाना पंचवटीत राहायचे. पंच्याहत्तरीचे, सडपातळ, कायम धोतर आणि उपरण्यात. कंपनीत वीस वर्षं किल्लेदारणीची भूमिका त्यांनी केली होती. कंपनी मोडल्यावर एका शाळेत शिपाई झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. माझ्या वडिलांनी त्यांना शेकडो वेळा रंगवलेलं, त्यामुळे मला ते 'शैले' म्हणायचे आणि त्यांना ओझरला नेण्या-आणण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

किल्लेदारीण होती सुरेखा. कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. मखमलाबादकडच्या फुलं-भाजी पिकवणाऱ्या घरातली, पस्तिशीची, दोन लेकरांची आई. फोनवर तिचा आवाज असा मऊ की तावातावानं बोलायला लागलेला साहेब अर्ध्यात थंड व्हायचा. फोन ठेवला की मळ्यातली बोली सुरू. कारखान्यात तिचा आवाज सगळ्यांना माहीत, चेहरा फारसा कुणालाच नाही. ती पहिल्यांदाच रंगमंचावर येत होती. सासरहून हो म्हणवून घ्यायला दोन वर्षं लागली, असं ती एकदा केस बांधता बांधता सांगून गेली.

तालीम पहिली पाळी सुटल्यावर, कॉलनीतल्या हॉलमध्ये व्हायची. हिवाळ्याच्या दुपारी उंच खिडक्यांतून तिरपं ऊन यायचं आणि त्यात धूळ तरंगत असायची. मधूनच वरून चाचणीचं विमान जायचं. आवाज एवढा की समोरच्याचे नुसते ओठ हलताना दिसत. देवरेंचा नियम होता, विमान आलं की जो जिथे आहे तिथे थांबायचं, ते गेलं की पुढचं वाक्य. मग मिनिटभर सगळा गड थिजायचा. कुणाचा हात तलवारीच्या मुठीवर, कुणाचं तोंड उघडं, सुरेखाचा पदर हवेत. मी कोपऱ्यात बसून बघायची. पाण्याखालून बघतोय असं वाटायचं, आणि विमान लवकर जाऊ नये असंही वाटायचं.

नाना शिकवायचे चालण्यापासून. "पाऊल टाकायचं नाही बाई, ठेवायचं. नजर तीन हातांवर. मान किंचित डावीकडे, हलू द्यायची नाही." मग स्वतः चालून दाखवायचे, आणि धोतरातला म्हातारा जाऊन हॉलमधून एक खानदानी बाई चालत गेल्याचा भास व्हायचा. सुरेखा चालायची ती पलीकडच्या खोलीत फोन वाजतोय अशी.

"नाना, हे चालणं तुम्ही कुणाकडनं शिकले?" तिनं एकदा विचारलं.

"गोदेवर पाणी भरायला बायका यायच्या. घाटावर तासन् तास बसून बघायचो. उगीच नाही आलं ते."

सुरेखानं रिकामा हात डोक्यावर नेऊन बघितला. मग म्हणाली, "पण त्यांच्या डोक्यावर हंडा असायचा ना? भरलेला. मी वाहिलाय मळ्यात. हंडा असला की मान हलवता येत नाय, नजर वर करता येत नाय, पाऊल ठेवावंच लागतं. तो उतरवला का आम्ही धावतोच की."

मंडळी हसली. नानांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि मला म्हणाले, "शैले, चल, मला घरी सोड." एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी मनात सुरेखाला चार शिव्या घातल्या. आडगाव मागे पडल्यावर ते बाहेर बघतच म्हणाले, "हंड्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं गं." पुढच्या तालमीला स्वतःहून आले, पण शिकवलं तेच.

स्पर्धेला पंधरा दिवस उरले तेव्हा देवरेंनी मला रंग लावून बघायला सांगितलं. हॉलच्या मागच्या खोलीत खिडकीशी आरसा लावला. सुरेखा बसली, मी म्हटलं, "डोळे मिट," आणि हात चालायला लागले. मला आठवतंय, बाहेर कुणीतरी व्हॉलीबॉल खेळत होतं, चेंडूचा आवाज येत होता, आणि माझं मन कुठेतरी लांब, वडिलांच्या शेजारी, तंबूतल्या कंदिलापाशी होतं. ठुशी बांधली. म्हटलं, "बघ."

तिनं आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ताई, ही कोण?"

नाना दारात उभे होते. त्यांचा चेहरा उजळला. "झकास," ते म्हणाले. "अगदी मीच."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिच्या हनुवटीला लाल हात दिला होता. नसलेली दाढी झाकली होती, नसलेला रुंद जबडा अरुंद केला होता, आणि ज्या गळ्याला गाठ नाही तिथे ठुशी करकचून आवळली होती. तोवर मी पुष्कळ नट्या रंगवल्या होत्या. कौटुंबिक नाटकांत असं कधी झालं नव्हतं. पण किल्लेदारीण म्हटलं की हात माझे राहत नव्हते, वडिलांचे होत होते. मी स्वतः बाई, रोज सकाळी आरशात बाईचंच तोंड बघणारी, आणि एका बाईला रंगवताना आधी तिचा पुरुष केला आणि मग त्या पुरुषाची बाई केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांचं शिकवणंही तेच, देवरेंचं बसवणंही तेच. ती बिचारी महिनाभर बाईचं काम करत नव्हती, बाईचं काम करणाऱ्या पुरुषाचं काम करत होती.

सुरेखानं खोबरेलाची बाटली घेतली आणि तोंड पुसायला लागली. "मला कशी पाहिजे ते मला नाय माहीत," ती म्हणाली, "पण ही नको." पुसून झाल्यावर नानांकडे वळली. रागानं नाही, अगदी आर्जवानं म्हणाली, "नाना, तुम्हीच एकदा दाखवा ना करून. शेवटचा प्रवेश. तुमच्यात जी दिसते ती माझ्यात का दिसत नाय, ते मला बघायचंय."

नाना आढेवेढे घेतील असं वाटलं होतं. ते मुकाट्यानं खुर्चीत बसले आणि मी सांगायच्या आधी त्यांनी डोळे मिटले. तो चेहरा माझ्या हाताखाली पहिल्यांदाच आला होता. सुरकुत्यांत रंग बसेना, मी बोटाच्या टोकानं भरत गेले. लाल हात, मग लेप, मग जबड्याच्या छटा. इथे सगळं जागच्या जागी बसत होतं. धोतरावरूनच त्यांना नऊवारी नेसवली. ते उठून हॉलमध्ये निघाले तेव्हा मंडळींनी आपोआप वाट करून दिली.

समोर देवरे किल्लेदार म्हणून उभे राहिले. नानांनी पेला उचलला, दोन वाक्यं म्हटली. आवाज म्हातारा होता, पण लकब तीच होती. आता वाकायचं. देवरेंचा हात सवयीनं त्यांच्या खांद्यावर पडला, आणि त्याच क्षणी वर विमान आलं.

सगळे थिजले. नाना ताठ उभे होते. हातात पेला, खांद्यावर हात, आणि नजर, जी ते महिनाभर तीन हातांवर ठेवा म्हणून शिकवत होते, ती सरळ देवरेंच्या डोळ्यांत. विमान फार सावकाश गेल्यासारखं वाटलं. त्या गडगडाटात ती बाई काही न बोलता त्याच्याकडे बघत होती, आणि देवरेंना ते सोसेना. मी पाहिलं, त्यांचे डोळे खाली गेले. खिडकीतलं ऊन नानांच्या अर्ध्या तोंडावर होतं. हॉलमधल्या प्रत्येकाला त्या मिनिटात कळलं की हे नाटक असंही होऊ शकतं.

आवाज विरला. पुढची हालचाल करायची म्हणून देवरेंनी हात जरासा दाबला. नानांनी खांदा झटकला. "दाबू नका," ते म्हणाले, आणि ते किल्लेदारणीच्या आवाजात नव्हतं. मग तिथेच स्टुलावर बसून, नऊवारीतच, त्यांनी सांगितलं.

"हा हात कुठून आला माहितेय? एका गावी मी वाकलो नाही. ठरवून नाही, खरंच. मनात आलं, हिचा गुन्हा काय? पोरं दाराशी रडत होती, दार उघडलं. आणि उभा राहिलो. कंपनीचे मालक किल्लेदार करायचे. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि असा दाबला की माझे गुडघे टेकले. लोकांना वाटलं, किती माया. टाळी पडली. आत आल्यावर मालक म्हणाले, हे आता रोज करायचं, आणि पुन्हा ताठ राहायचं असलं तर आपला रस्ता धर. मला भूमिका सोडायची नव्हती. वीस वर्षं वाकलो. क्षमा कसली? दाब होता तो."

मी विचारलं, "मग नाना, तुम्ही सुरेखाला वाकायलाच का शिकवत होता?"

"मला जे शिकवलं तेच शिकवणार. दुसरं काय येतं मला?" त्यांनी नेसलेल्या पदरानं कपाळ टिपलं. "पण आता विचारतेस म्हणून सांगतो. एकदा तरी तिला उभ्यानं मरताना बघायचंय. माझ्याच्यानं झालं नाही. हिच्याच्यानं होईल."

"हाई काय चालू शे?" देवरे म्हणाले. चिडले की त्यांच्या तोंडून नामपूर निघायचं. मग सावरून म्हणाले, "नाना, तुमचं दुःख मला कळतं. पण ही स्पर्धा आहे. परीक्षक त्या हाताची वाट बघत बसलेले असतात. आणि ती वाकली नाही तर पुढची दोन पानं मी कुणाला बोलू? वाकायचं. विषय संपला."

"बरं सर," सुरेखा म्हणाली. तो तिचा फोनवरचा आवाज होता. लाइन मिळणार नाही हे ठाऊक असताना ती असंच मऊ बोलायची, हे मी एक्स्चेंजमध्ये बसून ऐकलेलं होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून ब्रश पुसत राहिले.

पुढचे पंधरा दिवस तालमीत ती वाकत राहिली. नाना रोज आले, रोज बघत राहिले, पण त्या प्रवेशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

प्रयोग नाशिकच्या मोठ्या नाट्यगृहात होता. मी आदल्या दिवशी पेटीतली लाल डबी काढून घरी ठेवली, हात चुकून जाऊ नये म्हणून. जुन्या पद्धतीत किल्लेदारीण पहिल्या प्रवेशात जितकी देखणी, तितकीच मरताना देखणी असायची. चार अंकांत तिच्यावर आभाळ कोसळायचं आणि लिपस्टिक जागची हलायची नाही. मी या वेळी प्रत्येक अंकामागे थोडं थोडं काढत गेले. पहिल्या अंकाला भरलेले ओठ, गालावर लाली. दुसऱ्याला लाली पुसली. तिसऱ्याला डोळ्यांखाली काळसर बोट फिरवलं, कारण ती तीन रात्री जागलेली आहे. शेवटच्या प्रवेशाला मी तिचं तोंड जवळजवळ धुतलंच. मळ्यातल्या उन्हानं कपाळावर पडलेला डाग होता, तो तसाच ठेवला. तिनं आरशात पाहिलं, मग माझ्याकडे. उठताना तिनं माझा हात दाबला.

निकालाचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी लिहिलं की शेवट परंपरेला सोडून आहे आणि रंगभूषा शेवटी अपुरी पडली. ते कात्रण माझ्याकडे आहे. माझ्या कामावर कुणी लिहिलेलं ते एवढंच.

तर शेवटचा प्रवेश. नाना विंगेत एका ट्रंकेवर बसले होते, मी त्यांच्या मागे उभी. देवरेंनी पेला ठेवला. सुरेखानं तो उचलला, दोन वाक्यं म्हटली आणि थांबली. वाकली नाही. इथे वर विमान नव्हतं. ती शांतता तिलाच धरून ठेवायची होती. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं आणि तेही गप्प झालं. देवरेंचा हात आला आणि तिच्या खांद्यावर पडला.

मी विंगेतून तो हात बघत होते. दाबला असता तर ती गेली असती खाली; तगडा गडी, लोखंड वळवणारा. बोटं आवळली, मला दिसलं. नाना ट्रंकेवरून उठले. माझा खांदा धरून ताठ उभे राहिले. त्यांचं सगळं आयुष्य त्या वेळी देवरेंच्या पंजाखाली होतं.

देवरेंची बोटं सैल पडली. हात खांद्यावरून घसरला, तिच्या दंडावरून मनगटापर्यंत आला, पेल्याला लागला, जणू तो तिच्या हातून काढून घ्यावा. सुरेखानं त्याच्याकडे बघत बघत पेला तोंडाला लावला. मग तिचे पाय गेले. बसवलेल्या हालचालीत किल्लेदार ताठ उभा असायचा. इथे तिला सावरायला देवरेंना खाली बसावं लागलं, आणि तिचं डोकं त्यांच्या मांडीवर आलं. दोन पानांतलं एक वाक्यही ते बोलले नाहीत. मला वाटलं विसरले. पण ते रडत होते, मिशीवर पाणी ओघळत होतं आणि डिंकावर चिकटवलेले कल्ले सुटत होते. टाळी आलीच नाही. पडदा पडेपर्यंत कुणी हललं नाही.

सुरेखा विंगेत आली ती धडपडतच. नानांना बघितलं आणि आपल्या सगळ्यांच्या अंगात असतं तसं पटकन पाया पडायला वाकली. नानांनी तिचे कोपर धरले.

"आज नको," ते म्हणाले. मग लहान पोरानं विचारावं तसं हळूच विचारलं, "कसं वाटतं गं, उभ्यानं मरताना?"

सुरेखाला धाप लागली होती. ती विचार करून म्हणाली, "भीती वाटली नाना. पण त्याचं तोंड दिसलं. तो रडत होता. त्याला पण हे नको होतं, ते मला तिथं कळलं."

नाना पडलेल्या पडद्यामागच्या रंगमंचाकडे बघत राहिले. तिथे देवरे अजून जमिनीवर बसलेले होते.

"मला कधी तोंड दिसलंच नाही," ते म्हणाले. "वीस वर्षं मी नुसत्या मोजड्या बघितल्या."